विरंगुळा केंद्रात ठोकळ्यांचे एक टेबल हवे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका वाचकांनी अशी खंत व्यक्त केली होती की, हल्ली चाळिशी-पन्नाशी उलटलेली माणसे प्लास्टिकचे ठोकळे जोडत बसतात आणि त्यावर हजारो रुपये उधळतात. 'पोरकटपणा' हा शब्द त्यांनी दोनदा वापरला आहे. मी ६८ वर्षांचा असून त्या पोरकटांपैकीच एक आहे. खर्चाबाबतचे त्यांचे म्हणणे मला निम्मे मान्य आहे, पोरकटपणाबाबतचे अजिबात नाही, म्हणून हे पत्र.

माझी सारी नोकरी सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींतील टूलरूममध्ये, प्लास्टिकच्या भागांचे मोल्ड, म्हणजे साचे, बनवण्यात गेली. निवृत्तीनंतर एका दिवाळीच्या आधी माळा साफ करताना मुलीच्या लहानपणीची लेगोच्या ठोकळ्यांची पेटी हाती लागली. मुलगी आता पुण्यात संसारात आहे. पेटी कोणाला तरी देऊन टाकावी असा विचार होता. पण सवय वाईट. टाकण्यापूर्वी एक ठोकळा उचलला, कपाटातून व्हर्निअर, म्हणजे बारीक मापे घेण्याचे साधन, काढला आणि मोजायला बसलो. त्या दिवशी माळा तसाच राहिला, त्याबद्दल घरात जे बोलले गेले ते इथे लिहीत नाही.

ज्यांनी हे ठोकळे केवळ मुलांच्या हाती पाहिले आहेत त्यांच्यासाठी थोडे तपशिलात सांगतो, कारण मोठ्या माणसांचा जीव त्यांत का रमतो याचे निम्मे उत्तर या मापांत आहे. वरच्या गोल उंचवट्यांच्या केंद्रांमधले अंतर ८ मिलिमीटर. म्हणजे चार उंचवट्यांचा ठोकळा ३२ मिलिमीटर लांब असायला हवा. पण तो भरतो ३१.८. दोन्ही बाजूंना एक दशांश मिलिमीटर मोकळा सोडला आहे, एवढ्यासाठी की शेजारी-शेजारी कितीही ठोकळे बसवले तरी ते एकमेकांना रेटणार नाहीत. उंचवटा ४.८ मिलिमीटर व्यासाचा. ठोकळा उलटा केला की आत ज्या पोकळ नळ्या दिसतात, त्यांचा बाहेरचा व्यास ६.५१. हा आकडा कोठून आला असेल, याचा विचार करत मी चहा गार होऊ दिला. आठ मिलिमीटरच्या चौरसाचा कर्ण ११.३१, त्यातून उंचवट्याचे ४.८ वजा केले की बरोबर ६.५१ उरतात. म्हणजे चार उंचवट्यांच्या मधल्या जागेत नळी चारही बाजूंनी टेकते, आणि त्या टेकण्यावरच सगळी पकड आहे.

यात पुन्हा ठोकळ्यांचे एबीएस हे प्लास्टिक मोल्डमध्ये गार होताना साधारण अर्धा टक्का आकसते. ३१.८ मिलिमीटरच्या ठोकळ्यावर हे आकसणे दीड दशांशाहून थोडे अधिक, म्हणजे एका बाजूला सोडलेल्या मोकळ्या जागेपेक्षाही जास्त. तेवढे गृहीत धरून पोलाद आधीच मोठे कोरायचे आणि लक्षावधी ठोकळे निघाले तरी माप हलू द्यायचे नाही, हे काम काय असते ते आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारावे. मुलीच्या पेटीतला जुना ठोकळा मी परवा आणलेल्या नव्या ठोकळ्यावर दाबला, तर तो पूर्वीसारखाच 'टक्' आवाज करून बसला.

या 'टक्'चा जन्मही एका कारागिराच्या घरातला आहे. डेन्मार्कमधील बिलुंड या गावी ओले किर्क क्रिस्टियानसेन या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी बनवायला सुरुवात केली. कंपनीचे नाव 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून पडले. १९४९ मध्ये त्यांनी प्लास्टिकचे ठोकळे काढले, पण ते खालून पोकळ होते आणि रचना जरा उंच झाली की निखळत. (एकमेकांत बसणाऱ्या ठोकळ्यांची कल्पनाही सर्वस्वी त्यांची नव्हे, इंग्लंडमध्ये हिलरी फिशर पेज यांचे तसे ठोकळे आधीपासून बाजारात होते.) आतल्या नळ्यांची युक्ती ओले किर्क यांच्या मुलाच्या, गॉटफ्रेड यांच्या काळातली. तिच्या पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल झाला आणि त्यानंतरचे ठोकळे आजच्या ठोकळ्यांवर बसतात. आधीचे सेल्युलोज अ‍ॅसिटेट सोडून एबीएस वापरायला त्यांनी १९६३ मध्ये सुरुवात केली, तेव्हा कुठे माप पक्के झाले.

मोठ्यांनी या खेळाकडे वळणे हेही आता चोरून करायचे काम राहिलेले नाही. ताजमहालाचा ५,९२२ तुकड्यांचा संच २००८ मध्ये निघाला, तो काही पहिलीतल्या मुलासाठी नव्हता. २०२० पासून तर कंपनी प्रौढांसाठीच्या पेट्यांवर १८ वर्षांपुढील असे स्पष्ट छापते.

आता पोरकटपणाविषयी. आपल्याकडे दिवाळीत अंगणात किल्ला होतो. नाशकात रामशेज तर पोरांच्या रोजच्या पाहण्यातला, म्हणून तो हमखास. दगड-विटांवर माती लिंपायची, अळीव पेरायचे, कुंभाराकडून आणलेले मावळे जागोजागी उभे करायचे. हे मुलांचे काम म्हणतात खरे. पण कोणत्याही सोसायटीत जाऊन पाहावे, बुरूज नीट झाला नाही म्हणून तो पाडून पुन्हा बांधणारा हात बहुतेक वेळा बापाचा असतो आणि मुलगा बाजूला पाण्याचा तांब्या घेऊन उभा असतो. त्या बापाला कोणी पोरकट म्हणत नाही. दिवाळी सरली की मावळे डब्यात जातात, माती कुंड्यांत जाते, आणि बापही पुढच्या दिवाळीपर्यंत शहाणा होतो. आमचे म्हणणे एवढेच की, हे सुख वर्षाचे बाराही महिने मिळत असेल तर त्यात वावगे काय?

माझ्यापुरते सुख नेमके कशात आहे, हे मला बरेच उशिरा उमगले. टूलरूममध्ये पहिल्या दिवशी शिकवलेला नियम होता की धातू शिल्लक ठेवायचा. शिल्लक असेल तर काढता येतो, गेलेला परत घालता येत नाही. वेल्डिंगने भरता येतो म्हणा, पण त्याची खूण पुढे प्रत्येक भागावर उमटत राहते आणि ती करणाऱ्याला तरी दिसतेच. पस्तीस वर्षे मी त्या धाकात काम केले. हाताला कंप नको, आकडा वाचताना डोळ्याला चूक नको; एका कटात महिन्याभराचे काम वाया जायचे. डॉक्टर, हिशेबनीस, बसचालक, स्वयंपाक करणारी बाई, या सगळ्यांच्या कामाची जात थोड्याफार फरकाने हीच. ठोकळ्यांत मात्र चूक झाली तर ती उकलता येते आणि ठोकळ्यावर ओरखडाही राहत नाही. माझी पत्नी विणकाम करते. ती म्हणाली, "यात नवीन ते काय? चुकलं की उसवायचं. मी चाळीस वर्षं तेच करते आहे आणि मला कोणी पोरकट म्हणत नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

सध्या मी संच न आणता सुट्या ठोकळ्यांतून जुन्या नाशकातला आमचा वाडा बांधतो आहे. तो वाडा आता नाही. पावसाळ्यात मागची भिंत बसली, मग वाटण्या झाल्या, आणि आज तिथे सदनिका आहेत. नकाशा कोणाकडेच नाही, त्यामुळे आठवणीतून काम चालले आहे. ओटा, दिंडी दरवाजा, मधला चौक, चौकात तुळशीवृंदावन आणि उजव्या सोप्यातून वर जाणारा जिना. तपकिरी ठोकळे संपल्यामुळे मागची भिंत हिरवी आहे, त्याला इलाज नाही. काम पहिल्या मजल्यापर्यंत आल्यावर छायाचित्र काढून धुळ्याला ताईला पाठवले. पाच मिनिटांत तिचा फोन. "अरे, जिना सोप्यात कुठला? देवघराला लागून होता. म्हणून तर आई चढता-उतरता हात जोडायची." ती म्हणाली आणि मला आई दिसली, एका हाताने पदर सावरत दुसरा हात कपाळाशी नेणारी. माझ्या आठवणीतला जिना शेजाऱ्यांच्या वाड्यातला होता. दोन संध्याकाळींचे काम मी दहा मिनिटांत उसवले. मोल्डच्या बाबतीत असे झाले असते तर त्या रात्री जेवण गेले नसते. त्यानंतर ताई रोज फोन करते; कोनाडे किती होते यावर आमचे अजून एकमत नाही.

काही जण म्हणतील की ठोकळ्यांत ठरलेलेच घडते, त्यात कल्पनेला वाव नाही. सूचनापुस्तिका समोर ठेवून संच जोडणाऱ्याबाबत हे अंशतः खरे आहे, आणि दिवसभराच्या दगदगीनंतर कोणाला तेवढेच हवे असेल तर तेही ठीक. पण चार गुणिले दोन उंचवट्यांचे एकाच रंगाचे फक्त दोन ठोकळे २४ प्रकारे जोडता येतात, तीन १,०६० प्रकारे. सहा ठोकळ्यांसाठी कंपनी वर्षानुवर्षे दहा कोटींच्या वर आकडा सांगत होती. कोपनहेगन विद्यापीठातील गणिती सोरेन आयलर्स यांनी तो तपासला तेव्हा लक्षात आले की त्यात फक्त सहा थरांचे उभे मनोरे मोजले होते. सगळ्या रचना धरल्या तर आकडा ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ होतो. मूठभर प्लास्टिकची ही गोष्ट.

आता खर्चाकडे येतो, जिथे पत्रलेखकांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. मोठ्या संचाची किंमत पाच आकड्यांत जाते, आणि पेन्शनीत असल्या किमती बसत नाहीत. याला एक कारण आयात शुल्काचे आहे. खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७०. देशी खेळणी उद्योगाला आधार मिळावा हा हेतू, आणि मोल्डच्या धंद्यातला माणूस म्हणून मी त्याला विरोध करणार नाही. मात्र त्या आधाराच्या बदल्यात मापही तसेच हवे. ठोकळ्याच्या मूळ पेटंटची मुदत केव्हाच संपली आहे, आणि २०१० मध्ये युरोपीय न्यायालयाने ठोकळ्याचा आकार ट्रेडमार्क म्हणून राखता येणार नाही असाही निकाल दिला, कारण तो आकार तांत्रिक कामासाठी आहे. म्हणजे तसे ठोकळे कोणीही बनवावेत. अडचण वेगळी आहे. मी स्वस्त म्हणून बाजारातल्या एका दुकानातून एक पेटी आणली. त्यातले काही ठोकळे इतके सैल की उचलताच भिंत हातात यायची, काही इतके घट्ट की सुटे करायला नखे जायची, आणि पुस्तिकेतले तीन तुकडे पेटीत नव्हतेच. दुकानदार म्हणाला, "काका, खेळण्यात एवढं काय बघता?" चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, त्या पेटीवर ते शोधूनही सापडले नाही, आणि ते आधी न पाहणे ही माझी चूक.

म्हणून माझी विनंती अशी आहे. प्रत्येकाने स्वतःचा संच विकत घ्यावा असे मी म्हणत नाही. पुस्तके प्रत्येकाला परवडत नव्हती तेव्हाही नाशिककरांनी वाट पाहिली नाही. सार्वजनिक वाचनालय इथे १८४० पासून उभे आहे. त्याच न्यायाने शहरातील वाचनालये आणि ज्येष्ठ नागरिकांची विरंगुळा केंद्रे यांनी कॅरम आणि वर्तमानपत्रांच्या शेजारी सुट्या ठोकळ्यांचे एक टेबल ठेवावे. महागडे संच नकोत, कारण त्यातला एक तुकडा हरवला की संच अडतो. सुटे ठोकळे हरवून हरवून किती हरवतील? अनेक घरांत मुले मोठी झाल्यावर अशा पेट्या माळ्यावर पडून आहेत, त्या मागून घ्याव्यात. कोमट पाण्यात, म्हणजे ४० अंशांच्या वर न जाता, थोडा साबण घालून ते धुता येतात. उकळते पाणी घालू नये, आकार बिघडतो. आणि लावताना रंगानुसार न लावता आकारानुसार लावावेत, असे अनुभवाने सांगतो. एकाच आकाराच्या ढिगातून लाल ठोकळा डोळ्याला पटकन सापडतो, पण लालांच्या ढिगातून हवा तो आकार शोधताना चष्म्याचा नंबर वाढतो.

कोणी हे सुरू करणार असेल तर मुलीची जुनी पेटी, सुमारे सहाशे ठोकळे, मी द्यायला तयार आहे आणि आठवड्यातून दोन दुपारी येऊन बसेनही. फक्त वाडा पूर्ण व्हायला थोडा अवधी द्यावा. दिंडी दरवाजा अजून बसायचा आहे, आणि कोनाड्यांविषयी ताईचा फोन यायचा आहे.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कर्मचारी
सिडको, नाशिक