रविवारच्या नाश्त्याबद्दल सभासदांना आठवण

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारपासून फिरून आल्यावर भजी-जिलेबी बंद. अर्धी ज्वारीची भाकरी, पिठलं, कांदा आणि ताक एवढंच मिळेल. ताटामागे वाचलेले २० रुपये पेटीत टाकायचे आहेत. पेटी म्हणजे बिस्किटाचा रिकामा डबा, झाकणाला चीर पाडलेली. अध्यक्ष आणि सचिवांनी गेल्याच आठवड्यात आपले पैसे टाकलेत. अध्यक्षांची जिलेबी सुटली म्हणजे आपली सुटायला हरकत नाही!

कल्पना आपली नाही. २००७ साली जपानमध्ये ‘टेबल फॉर टू’ ही संस्था सुरू झाली. तरुण जागतिक नेत्यांच्या एका गटाला ती सुचली होती. कँटीनमध्ये कमी उष्मांकाचं जेवण घेतलं की २० येन बाजूला पडतात आणि तेवढ्यात गरीब देशातल्या एका मुलाचं शाळेतलं जेवण होतं. इकडे पोट उतरतं, तिकडे पोट भरतं.

दोन्ही दुखणी आपल्याकडेही आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी, तर २४ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या.

बीडकरांना वेगळं सांगायला नको. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की मुलंही कोयत्यामागं जातात आणि शाळेतली खिचडी सुटते. म्हणून जमलेल्या पैशातून हंगामी वसतिगृहातल्या, म्हणजे आईबाप तोडीला गेले तरी शाळेसाठी मागं राहिलेल्या मुलांना शेंगदाणे-गुळाचे लाडू द्यायचे. रोख रक्कम कुणाच्या हातात द्यायची नाही, हे बैठकीत ठरलंय.

ताटं मोजून करायची आहेत, तेव्हा शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत नाव कळवा. ताटली घरून आणा.

– सचिव