सायकल शनिवारी येईल

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, विजेवरची सायकल घेतली आहे. पैसे भरून झालेत, शनिवारी दुकानदार घरी आणून देईल. फोनवर तुम्ही "बघू पुढच्या महिन्यात" म्हणाला असतात, म्हणून पत्र. आईने माझ्याकडे काही सांगितलेलं नाही, तिच्यावर रागावू नका.

पेढीवर जाणं थांबवा, असं कुणीच म्हणत नाहीये. विश्रामबाग ते गणपती पेठ आणि परत, दहाएक किलोमीटर, ते चालूच राहू दे. फक्त स्कूटर डबल स्टँडवर घेताना गुडघ्यावर येणारा भार मला नको आहे. इलेक्ट्रिक स्कूटरही बघितली, पण बहुतेकींचं वजन शंभर किलोच्या आसपास. स्टँडचा त्रास तसाच राहिला असता. सायकल पंचवीस किलोच्या आत आहे. मोटर २५० वॅटची, ताशी २५ किलोमीटरला तिची ओढ थांबते, त्यामुळे नंबरप्लेट नाही की लायसन्स नाही. हेल्मेट मात्र घालायचंच. तुमचा रस्ता सपाट आहे, एवढी मोटर पुरते. आणि चार्जिंग संपलं तरी पेडल मारून घरी येता येतं.

पुढे दांडी नाही, त्यामुळे पाय मागून टाकावा लागणार नाही. टॉवेल गुंडाळून मला बसवायचात ती दांडी यात नसणार, याचं मलाच जरा वाईट वाटलं.

दुकानात महागडं मॉडेल दाखवत होते: पेडलवर जितका जोर द्याल तितकी मोटर साथ देते. तुमच्या गुडघ्याला जोरच नको, म्हणून पेडल फिरतंय की नाही एवढंच ओळखणारा साधा सेन्सर निवडला. त्याची खोड अशी की पेडल अर्धा फेरा फिरलं की मोटर एकदम ओढते, आणि पेडल थांबवलं तरी क्षणभर ओढत राहते. म्हणून निघताना मोटरच्या मदतीची लेव्हल १ वर, म्हणजे सगळ्यात कमी, ठेवा, आणि सिग्नलला उभे असताना पाय पेडलवर नको. ब्रेक दाबला की मोटर लगेच बंद होते. गर्दीत बोटं ब्रेकवरच असू देत. सुटताना अंगठ्याने थ्रॉटल (पेडल न मारता मोटर चालवणारा हँडलवरचा खटका) हलकेच दाबलात तर पहिला जोर गुडघ्याला लावावा लागत नाही. सीट सुरुवातीला दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी खाली ठेवा, हात बसला की बोटभर वर घ्या. फार खाली राहिली तर गुडघा जास्त वाकून दुखेल.

आई, बॅटरी तुझ्या ताब्यात. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तास, म्हणजे पेडल मारत गेलं तर पंचवीस-तीस किलोमीटर. एक दिवसाआड चार्ज केली की झालं. पाचेक तास लागतात, अर्धा युनिटही जळत नाही. किल्लीने निघते, तीनेक किलो आहे, वर आणायला जड नाही. हॉलच्या फरशीवर ठेव. गादीवर नको, पडद्याखाली नको, गॅस आणि समईपासून लांब. उन्हातून आल्यावर अर्धा तास निवू दे, मग लाव. रात्री लावून झोपायचं नाही, सकाळी चहा झाला की लाव. बॅटरी फुगली, वास आला किंवा हातातून जोरात पडली तर चार्जिंगला लावू नकोस, मला फोन कर.

पावसात सायकल भिजली तर चालेल, बुडायला नको. मोटर मागच्या चाकाच्या मध्यात आहे. पाणी तिथवर आलं तर वायरच्या वाटेने आत शिरतं. २०१९ आणि २०२१ चा सांगलीचा पूर आपण बघितलाय. आयर्विन पुलाजवळ पाणी वाढतंय असं कळलं की पेठेत जायचंच नाही, बाबा. सायकल धुताना पाइपचा जोरही नको, ओलं फडकं पुरे.

पंक्चर नेहमीचा माणूस चाक न काढता काढू शकतो, ट्यूब एका बाजूने बाहेर ओढून. ट्यूब बदलायची असेल तरच चाक काढावं लागतं. तेव्हा समोर उभे राहा. मोटरचा कनेक्टर पिळायचा नाही, सरळ ओढायचा. लावताना बाणाला बाण जुळवायचा. आसाच्या नटाखाली दात असलेला वॉशर असतो, तो दात खाचेतच बसला पाहिजे. तो बसला नाही किंवा नट ढिला राहिला तर आस फिरतो आणि वायर तुटते.

दर आठवड्याला हवा बघा, किती ते टायरवरच लिहिलेलं असतं. आणि तुमचं मशीनचं तेल फक्त चेनला. ब्रेकच्या डिस्कला तेलाचा हात लागला तरी ब्रेक लागायचा नाही.

स्कूटर लगेच विकू नका, मन होईल तेव्हा बघू.

आई, चार्जरवर "४२ व्होल्ट" लिहिलेलं असायला हवं. दुसऱ्या बॅटऱ्यांचे चार्जर ५४.६ व्होल्टही देतात आणि पिन तीच असू शकते. खोका उघडलास की त्या लेबलचा फोटो पाठव. मी हो म्हणेपर्यंत प्लगला लावू नकोस.

तुमची,
मनू