नाझियाची कॅसेट सांधणाऱ्या दादाला

प्रिय दादा,

परवा गाडीत नाझिया हसनचं 'डिस्को दीवाने' लागलं आणि एका ओळीपाशी मी नकळत श्वास रोखून धरला. तिथे गाणं उडी मारतं. निदान माझ्या कानात तरी चाळीसहून जास्त वर्षं ते तिथेच उडी मारत आलंय. परवा ते सरळ पुढे गेलं, एकही शब्द न गाळता, आणि मला एकदम चुकल्यासारखं झालं. त्या उडीत तुझा हात आहे. तुझे आभार मानायचे राहून गेलेत, ते आता मानते, आणि चारचौघांना ऐकू जातील असे मानते.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते. मैत्रिणीच्या मूळ कॅसेटवरून भरून घेतलेली साठ मिनिटांची कॅसेट, एवढीच माझी नाझिया हसन. वडिलांची बदली झाली आणि ती मैत्रीण गेली, तिच्याबरोबर मूळ कॅसेटही गेली. महिनाभरात आमच्या टेपने माझी कॅसेट गिळली. आवाज आधी जड झाला, मग घरघरला. मी घाबरून झाकण उघडलं आणि कॅसेट ओढली. फीत त्या रबरी चाकाला गुंडाळली गेली होती, ती तटकन तुटली. मी रडले, आणि घरात सगळ्यांनी एकच वाक्य ऐकवलं: वय आहे, उतरेल.

ते उतरणारं नव्हतं, हे मी आज पन्नाशी ओलांडून ठामपणे सांगू शकते. नाझिया माझ्यासाठी काय होती, हे तेव्हा मला शब्दांत मांडता येत नव्हतं. १९८० साली 'कुर्बानी' सिनेमा आला तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. कराचीत जन्मलेली, कराची आणि लंडनमध्ये वाढलेली शाळकरी मुलगी. त्याचे दिग्दर्शक फिरोज खाननी तिला लंडनमध्ये हेरलं आणि संगीतकार बिद्दूंनी तिच्याकडून 'आप जैसा कोई' गाऊन घेतलं. पडद्यावर झीनत अमान होती, पण आवाजात झीनत अमान होण्याचा जराही प्रयत्न नव्हता. तो आवाज शाळेच्या व्हरांड्यातून येऊ शकला असता. गाण्याच्या तासाला मला कायम मागच्या रांगेत उभं करायचे, कारण माझा आवाज जाड होता आणि तो वर चढायचा नाही. मुलीचा आवाज कसा असावा, याचं एकच माप तेव्हा ठरलेलं होतं. ही मात्र खालच्या पट्टीत, किंचित नाकातून, अगदी निवांत गात होती आणि तिला फिल्मफेअर मिळालं होतं. पार्श्वगायिकेचं ते पारितोषिक इतक्या लहान वयात दुसऱ्या कुणालाही मिळालेलं नाही. मी आरशासमोर उभी राहून तिच्या पट्टीत गाऊन बघितलं आणि माझा गळा कुठेही अडला नाही. त्या दिवसापासून मी तिची झाले.

तू सुट्टीला आला होतास. माझं रडणं ऐकून तू एवढंच विचारलंस, "कुठल्या गाण्यात तुटलीय?" घरात तो प्रश्न फक्त तुला सुचला.

पुढचा तास मला मिनिटामिनिटाने आठवतो. खाली वर्तमानपत्र अंथरून तू कॅसेटचे पाचही स्क्रू काढलेस आणि काडेपेटीच्या झाकणात ठेवलेस. वरचा भाग उचलताना म्हणालास, "श्वास सोडू नकोस, बारकी चाकं उडतात." चुरगळलेली फीत नखाने सरळ करून बघितलीस. ती नुसती तुटली नव्हती, तिचा एक तुकडा एकॉर्डियनच्या भात्यासारखा चुण्या पडून वाया गेला होता. तेवढा काढावाच लागणार होता. तू पट्टी लावलीस. जवळजवळ पाच सेंटिमीटर. "सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर फीत पळते. म्हणजे एक सेकंद जाईल गं," तू म्हणालास. मग माझ्याकडे बघून विचारलंस, "तेवढं चालेल?" माझ्या वस्तूचं काय करायचं, हे मला विचारणारं त्या वयात मला फार कुणी भेटलं नव्हतं.

दोन्ही टोकं एकावर एक ठेवून तू ब्लेडने तिरका छेद दिलास. सरळ कापलं तर सांध्यावर खट्‌ आवाज येतो, तिरकं कापलं की एक आवाज हळूच दुसऱ्यात मिसळतो, हे तू समजावून सांगितलंस. मी साधी चिकटपट्टी पुढे केली, ती तू बाजूला सारलीस. तिचा गोंद पाझरतो आणि टेपच्या हेडला धरतो. तुझ्या डब्यात त्यासाठीची खास पट्टी होती. तिचा नखाएवढा तुकडा फितीच्या मागच्या बाजूने, जी हेडला लागत नाही त्या बाजूने, बसवलास आणि कडेची उरलेली पट्टी केसाइतकी बारीक छाटलीस.

आणि मग म्हणालास, "एक वाईट बातमी आहे. दोन्ही बाजूंची गाणी याच फितीवर शेजारी शेजारी असतात. पलीकडच्या बाजूचाही एक सेकंद गेला." पेन्सिल घालून फीत घट्ट केलीस, कॅसेट लावलीस आणि तो कुठे गेला ते शोधायला माझ्याबरोबर पूर्ण कॅसेट ऐकलीस. दोन्ही बाजू. दुसरी उडी 'आप जैसा कोई'मध्ये सापडली. तेव्हाच तू मला दाखवलंस की तिथे तिचाच आवाज तिच्याच आवाजावर चढवल्यासारखा ऐकू येतो. एकच मुलगी स्वतःच्या शेजारी उभी राहून गातेय, असं मला तेव्हापासून वाटत आलंय. तू नसतास तर मी नुसती नाचत राहिले असते. ऐकायला तू शिकवलंस.

मधली वर्षं भराभर गेली. तिची पुढची गाणी आली, मी ती विकत घेतली. १९९२च्या अल्बमनंतर ती गाण्यातून बाजूला झाली. तिने लंडनला कायद्याचं शिक्षण घेतलं होतं, काही काळ संयुक्त राष्ट्रसंघातही काम केलं. लोक म्हणायचे, संपली. मला तसं कधी वाटलं नाही. पंधराव्या वर्षी जे द्यायचं ते तिने दिलं होतं, पुढचं आयुष्य तिचं होतं. माझंही तेव्हा नोकरी आणि लहान मुलगी यांतच चाललं होतं. आम्ही दोघी आपापल्या कामाला लागलो होतो, असं मी मनाशी म्हणायचे.

ऑगस्ट २०००. सकाळी सकाळी तुझा फोन आला. तू कधी त्या वेळी फोन करत नाहीस, म्हणून माझ्या पोटात गोळाच आला. तू म्हणालास, "पेपर वाचलास का? नाझिया गेली गं." १३ तारखेला, लंडनमध्ये, फुप्फुसाच्या कर्करोगाने. पस्तीस वर्षांची होती, माझ्याहून थोडीच मोठी. त्या दिवशी घरात कुणाला काय सांगणार होते मी? बत्तीस वर्षांची बाई, जिला कधी पाहिलं नाही अशा गायिकेसाठी रडते, हे कुठून समजावायला घेणार? तुला काहीच समजवावं लागलं नाही. आपल्यातलं कुणी गेल्यावर करतात तसा तू फोन केलास आणि बराच वेळ काही न बोलता लाइनवर राहिलास. दादा, कॅसेटपेक्षाही या फोनसाठी मी तुझी जास्त ऋणी आहे.

२०१२मध्ये 'डिस्को दीवाने' नव्या रूपात एका सिनेमात आलं आणि माझी लेक त्यावर नाचत घरात शिरली. त्यात मूळ आवाज ऐकू आला तशी मी तिला थांबवलं आणि कॅसेट दाखवली. तिने विचारलं, "यावर अक्षर कुणाचंय?" तुझंच. 'नाझिया. पुसू नये.' आणि पुसली जाऊ नये म्हणून मागच्या कडेच्या दोन्ही टिकल्याही तूच मोडून ठेवल्या होत्यास.

गेल्या आठवड्यात ती उघडून बघितली. फीत अजून चांगली आहे. सांध्याची पट्टी मात्र पिवळी पडलीय आणि एका टोकाला सुटत आलीय. बाहेर कुणाकडे द्यायला माझं मन होत नाही. पुढच्या वेळी येशील तेव्हा ब्लेड आण, ती खास पट्टी उरली असेल तर ती आण, आणि चष्मा विसरू नकोस. वर्तमानपत्र मी अंथरून ठेवते.

तुझी,
धाकटी