तापी खोऱ्याच्या पाण्याचा जमाखर्च मांडा : जलसंपदामंत्र्यांना खुले पत्र

माननीय जलसंपदामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

पावसाळ्यात तापीवरच्या हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की त्याची बातमी होते आणि तापी खोऱ्यात पाण्याला तोटा नाही, असे मुंबईत बसलेल्याला वाटणे साहजिक आहे. मी यावल तालुक्यात केळी पिकवतो, त्यामुळे मला त्याच पाण्याची दुसरी बाजू रोज दिसते.

आमच्या मळ्यातली वडिलांनी खोदलेली विहीर केव्हाच आटली. आता वीज येईल तेव्हा कूपनलिकेतून सहाशे फुटांवरचे पाणी उपसून त्याच विहिरीत सोडायचे आणि तिथून ठिबकला द्यायचे, असा आमचा क्रम आहे. शिवारातल्या कितीतरी विहिरी अशा नुसत्या हौद होऊन राहिल्या आहेत. काठावरून डोकावणाऱ्याला त्या भरलेल्या दिसतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. ते काम मोलाचे आहे, परंतु उथळ विहिरीच्या पातळीवरून खोल गाळथरातल्या पाण्याचा पत्ता लागत नाही.

खोऱ्याचे क्षेत्र ६५,१४५ चौरस किलोमीटर, त्यातले सुमारे ५१,५०० आपल्या राज्यात. धरणांचा साठा आपला विभाग मोजतो, नदीचा प्रवाह केंद्रीय जल आयोग, भूजल पाणीपुरवठा विभागाकडची यंत्रणा, आणि पिकांची नोंद महसूल विभागाच्या ई-पीक पाहणीत होते. या वह्या एकमेकींशेजारी ठेवून बेरीज-वजाबाकी करणे हे मात्र कोणाचेच काम नाही.

खरी गोम वापर आणि खर्च यांतल्या फरकात आहे. पाटातून झिरपलेले पाणी खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीला लागते, म्हणजे ते खोऱ्यातच राहते. केळीच्या पानांतून वाफ होऊन गेलेले पाणी खोऱ्याच्या हिशेबातून कायमचे वजा होते. ठिबकने पाणी वाचले असे आपण अभिमानाने सांगतो, आणि त्यात मीही आलो. पण वाचलेल्या पाण्यावर आम्ही आणखी दोन एकर बाग लावली, झिरपणेही थांबले, तेव्हा एकूण खर्च घटला की वाढला? उपग्रहांनी टिपलेल्या जमिनीच्या तापमानावरून पिकांच्या या बाष्पीभवनाचा अंदाज तालुक्यापुरताही बांधता येतो. गुरुत्वाकर्षणावरून भूजलातला बदल ताडणारे उपग्रह २००२ पासून आहेत, मात्र त्यांची नजर लाखो चौरस किलोमीटरची. यावल-रावेर तालुक्यांतल्या भूजलाला पडलेला खड्डा त्यांना वेगळा दिसणार नाही.

मे २०२५ मध्ये मध्य प्रदेशाशी तापी महापुनर्भरण योजनेचा, म्हणजे तापीचे पाणी जमिनीत मुरवून भूजल वाढवण्याच्या योजनेचा, करार झाला, त्याचे आम्ही स्वागतच केले. सातपुड्याच्या पायथ्याच्या गोटे-वाळूच्या पट्ट्यात पाणी मुरते, हे आमच्या आजोबांनाही ठाऊक होते. परंतु पुनर्भरणापूर्वीची खोल पातळी आणि वार्षिक उपसा आजच नोंदवला नाही, तर पुढे किती भरले हे कोणत्या आकड्याशी ताडून पाहणार?

म्हणून विनंती एवढीच, की दरवर्षी ऑक्टोबरनंतर, रब्बीच्या पेरणीआधी, पाऊस, प्रवाह, साठा, भूजल आणि पिकांचा पाणीखर्च एकत्र मांडणारा खोऱ्याचा ताळेबंद तालुकावार जाहीर करावा, आणि खोल थरासाठी स्वतंत्र निरीक्षण कूपनलिका घ्याव्यात. त्यांतली एक आमच्या बांधावर घेतली तरी माझी हरकत नाही. विहीर मात्र मोजू नये. तिच्यातले पाणी आम्हीच ओतलेले असते.

आपला नम्र,
यावल तालुक्यातील एक केळी उत्पादक