तक्रार पत्र : ट्रॅक्टरमध्ये घरी गॅस भरण्याचा सदोष संच परत घेण्याबाबत

निफाड, जि. नाशिक
दिनांक : १२ जानेवारी

प्रति,
मा. व्यवस्थापक,
विक्री व सेवा विभाग (ट्रॅक्टर गॅस किट)

विषय : गॅस भरणी संच तातडीने परत घेणे, रक्कम परत करणे व इतर ग्राहकांना लेखी इशारा देणे.

महोदय,

आपल्या कंपनीने आमच्या द्राक्ष उत्पादक गटातील चार ट्रॅक्टरना डिझेलसोबत एलपीजीवर चालणारे किट बसवून दिले. त्यासोबत ‘पंपावर जायची गरज नाही, घरीच भरा’ असे सांगून गॅस भरण्याचा संचही विकला. इंजिनाच्या चालण्याबद्दल आमची तक्रार नाही, ब्लोअरला (फवारणीच्या यंत्राला) लागणारी ताकद मिळते. तक्रार भरणीची आहे. या संचाने टाकी एकतर भरत नाही, आणि भरलीच तर मर्यादेच्या पुढे जाते.

संचात आहे काय? सिलिंडर उलटा ठेवायची लोखंडी तिवई, दोन मीटर होज, होजच्या दोन्ही टोकांना पितळी बॉल व्हॉल्व्ह (कॉक) आणि ट्रॅक्टरच्या टाकीला लागणारे नोझल. दाबमापक नाही, वाफ परत नेणारी नळी नाही, पंप नाही, अर्थिंगची तार नाही.

सिलिंडर उलटा केला की द्रव गॅस नळीत उतरतो, इथपर्यंत ठीक. पण ट्रॅक्टरच्या टाकीतही आधीची वाफ असते. खालून द्रव शिरला की ती दाबली जाते, आणि दोन्हीकडचा दाब सारखा झाला की द्रव पुढे सरकत नाही. वरची वाफ सिलिंडरमध्ये परत जायला दुसरी नळी असेल तर उंचीच्या फरकाने द्रव उतरत राहतो, नाहीतर पंप लागतो. आपली पुस्तिका अमेरिकी पद्धतीवरून घेतलेली दिसते. मापे पौंडात आणि फॅरनहाइटमध्ये आहेत, चित्रातली टाकी चार पायांवर आडवी ठेवलेली आहे. अमेरिकेत १९४१ पासून कारखान्यातूनच गॅसवर चालणारे ट्रॅक्टर निघाले आणि शेतावर प्रोपेनची मोठी टाकी असणे तिथे नेहमीचे आहे. त्या टाकीला द्रव काढण्याचा वेगळा व्हॉल्व्ह असतो. आपण चित्र तिथले घेतले आणि शेतकऱ्याच्या हाती मात्र तिवई दिली.

शिवाय आपल्याकडचा गॅस निव्वळ प्रोपेन नसतो, प्रोपेन आणि ब्युटेनचे मिश्रण असते. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन शून्याच्या जरासा खाली. निफाडचा पारा थंडीत किती उतरतो हे महाराष्ट्राला माहीत आहे. अशा पहाटे ब्युटेनच्या वाफेला जवळजवळ दाबच नसतो. त्यात सिलिंडर रात्रभर बाहेर गारठलेला आणि ट्रॅक्टरची टाकी फवारणीहून आल्यामुळे इंजिनाशेजारी कोमट, म्हणजे दाब उलट्या दिशेने जास्त. दोन्ही कॉक उघडून अर्धा तास थांबले तरी सिलिंडरचे वजन अर्धा किलोनेही कमी होत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर भुरी आणि डाऊनी या द्राक्षांवरच्या रोगांसाठी फवारणी तासांच्या हिशोबाने करावी लागते, तेव्हा हा अर्धा तास फार महाग पडतो.

यावर आपल्या सेवा केंद्राने फोनवर दोन उपाय सांगितले, आणि हे पत्र मुख्यतः त्या दोन उपायांमुळे लिहावे लागत आहे.

पहिला उपाय : ट्रॅक्टरच्या टाकीचा ब्लीड स्क्रू, म्हणजे वाफ बाहेर सोडणारा छोटा स्क्रू, उघडा ठेवून भरा. याने दाब उतरतो आणि द्रव धावतो हे खरे. पण ती वाफ शेडमध्ये सुटते. ती हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असल्याने उडून जात नाही, जमिनीलगत पसरून चारीत, खड्ड्यात, विहिरीच्या तोंडाशी साठते. हवेत दोन टक्के गॅस झाला तरी ठिणगीने पेट घेतो. शेतावर ठिणगी कुठून येते हे आपल्या अभियंत्यांना कोणीतरी सांगायला हवे. आमच्याकडे पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरला ऑटो स्विच असतो. थ्री फेज वीज आली की शेजारी कोणी नसतानाही स्टार्टर खटकन ओढतो. भरणीची जागा स्टार्टरच्या पेटीपासून किती लांब असावी, याबद्दल पुस्तिकेत एक ओळही नाही.

दुसरा उपाय : सिलिंडरवर गरम पाण्यात भिजवलेले पोते टाका. द्रव तापला की फुगतो, दर दहा अंशांना साधारण अडीच ते तीन टक्के. म्हणूनच टाकी ८० टक्क्यांवर थांबवायची असते. आपण बसवलेली टाकी ६० लिटरची, म्हणजे तिची मर्यादा ४८ लिटर, वजनात सुमारे २६ किलो. पुस्तिका सांगते, ‘दोन सिलिंडर पूर्ण रिकामे करा’. १४.२ किलोचे दोन सिलिंडर म्हणजे २८.४ किलो, जवळपास ५२ ते ५३ लिटर. पहाटे १५ अंशांना एवढा भरलेला गॅस एप्रिलच्या दुपारी ४५ अंशांना ५६-५७ लिटरवर जातो. टाकी उन्हात आणि सायलेन्सरजवळ आणखी तापली की वाफेला जागाच उरत नाही, दाब एकदम चढतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह सायलेन्सरच्या शेजारी गॅस सोडतो.

मल्टिव्हॉल्व्हमधला (टाकीवरच्या भरणी-नियंत्रक व्हॉल्व्हमधला) फ्लोट, म्हणजे द्रवावर तरंगणारा गोळा, ८० टक्क्यांना भरणी बंद करतो असे आपण म्हणाल. चारपैकी दोन ट्रॅक्टरवर तो करत नाही. कारण असे : मल्टिव्हॉल्व्ह टाकीच्या ठरावीक व्यासासाठी आणि ठरावीक कोनासाठी बनवलेला असतो. आमच्या व्हॉल्व्हवर ३० अंश कोरलेले आहे. आपल्या मेकॅनिकने ब्रॅकेट बसेना म्हणून टाकी पट्ट्यांमध्ये फिरवली, त्यामुळे फ्लोटचा दांडा आडवा पडला. टाकीच्या मापाचा काटा ६० टक्के दाखवतो तेव्हा टाकीत प्रत्यक्षात ८० टक्क्यांहून जास्त गॅस असतो. सिलिंडरचे भरणीआधीचे आणि नंतरचे वजन करून आम्ही हे ताडले आहे. तोलकाटा आणि नोंदी आपल्या माणसाला दाखवू.

होजबद्दल वेगळे लिहितो, कारण इजा तिथूनच होईल. दिलेला होज शेगडीला लावतात त्या प्रकारचा आहे. शेगडीच्या रेग्युलेटरनंतर दाब ३० मिलीबार असतो, उलट्या सिलिंडरच्या तोंडाशी उन्हाळ्यात ५ ते ७ बार. त्यातून भरणी संपल्यावर ‘दोन्ही कॉक घट्ट बंद करा’ अशी सूचना! दोन बंद कॉकच्या मध्ये द्रव अडकला आणि ऊन लागले, तर फुगायला जागा नसलेला तो द्रव होज फाडतो. अशा जागी दाब सोडणारा छोटा व्हॉल्व्ह लागतो, आपण तो दिलेला नाही. नोझलचे ओ-रिंगही (गळती रोखणाऱ्या गोल रिंगा) साध्या रबराचे आहेत. तीन-चार भरण्यांत ते फुगून खाचेबाहेर येतात, आणि नोझल काढताना द्रवाचा पांढरा फवारा थेट बोटांवर येतो. त्वचा जागच्या जागी गोठते.

आता कायद्याचे. ‘कसलीही परवानगी लागत नाही’ असे आपल्या विक्री प्रतिनिधीने सांगितले होते. पुस्तिकेत घरगुती लाल सिलिंडरचे चित्र आहे. २००० च्या एलपीजी पुरवठा व वितरण आदेशाने घरगुती सिलिंडर दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. वाहनांतील एलपीजी वापराबद्दलच्या २००१ च्या आदेशाप्रमाणे वाहनाच्या टाकीत गॅस भरायचा तो ऑटो एलपीजी केंद्रावरच. ट्रॅक्टरही मोटार वाहनच आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे किटची नोंद आरसी बुकात व्हायला हवी. त्यासाठी लागणारे किटचे मान्यता प्रमाणपत्र आणि टाकीचे चाचणी प्रमाणपत्र आपण मागूनही दिलेले नाही. ते नसल्याने अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडेल. हे विक्रीच्या वेळीच सांगितले असते तर आम्ही संच घेतलाच नसता.

आमच्या मागण्या : चारही भरणी संच परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. चारही टाक्यांचे मल्टिव्हॉल्व्ह योग्य कोनात बसवून वजनावर तपासून द्यावेत, फक्त काटा पाहून नव्हे. प्रमाणपत्रे १५ दिवसांत द्यावीत. आणि सर्वांत आधी, हा संच ज्यांना ज्यांना विकला आहे त्या प्रत्येकाला वापर थांबवण्याचे पत्र मराठीत पाठवून त्याची प्रत आम्हाला द्यावी. पैसे थोडे उशिरा आले तरी चालेल, हे पत्र मात्र याच आठवड्यात निघाले पाहिजे. १५ दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ खाली नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू.

तोवर ट्रॅक्टर फक्त डिझेलवर चालवत आहोत. चारही संच उघड्या पडवीत ठेवले आहेत. होज रिकामे केले असून दोन्ही टोकांचे कॉक मुद्दाम उघडे ठेवले आहेत. न्यायला येणाऱ्या माणसाने ते बंद करू नयेत, असे त्याला आधीच सांगून पाठवावे.

आपले,
गटाचे सर्व सभासद

सोबत : बिलांच्या प्रती, वजनाच्या नोंदी, मल्टिव्हॉल्व्हची छायाचित्रे, पुस्तिकेतील संबंधित पाने.