लोहचुंबकाला चिकटलेली ‘चांदी’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी भुसावळचा, रेल्वेतून निवृत्त झालेला गार्ड. 2022 पासून या पदाला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात. मी त्याआधीच घरी बसलो, म्हणून गार्डच राहिलो. नाणी जमवायचा नाद मला म्हातारपणी लागला, आणि तो एका दोन रुपयांच्या नाण्यामुळे. भारतीय रेल्वेला 150 वर्षं झाली तेव्हा, 2003 साली, ते निघालं. अकरा कोनांचं नाणं, त्यावर हातात बत्ती घेतलेला गार्ड हत्ती, रेल्वेचा शुभंकर भोलू. त्या काळी ती नाणी सुट्ट्या पैशांत हातात यायची आणि आम्ही स्टेशनबाहेर त्यांचा चहा पिऊन टाकायचो. आता तेच नाणं मोबाईलवर शोधलं तर कुणी साठ रुपये सांगतं, कुणी साडेचारशे, आणि दोघांच्याही फोटोखाली ‘अतिदुर्मिळ’.

आमच्याकडे दहाचं नाणं भाजीवाला घेत नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये सांगितलं होतं की दहाच्या नाण्याचे 14 नमुने आहेत आणि सगळे चालतात, तरी रिक्षावाला मान हलवतोच. बाजारात दहालाही न खपणारं ते नाणं ऑनलाइन पाचशेला ‘स्मारक नाणं’ म्हणून मांडलेलं पाहिलं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. झालो नाही.

नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाला, 28 मे 2023 ला, 75 रुपयांचं नाणं निघालं. ते मला नातवासाठी हवं होतं. एका खरेदीच्या ॲपवर ते 999 रुपयांना दिसलं. मखमली डबी, चकचकीत फोटो, चार-पाच तारे. मागवलं. आठव्या दिवशी आलं. डबी खरोखर छान होती.

नाणं हातात घेतल्यावर हलकं वाटलं. सरकारी अधिसूचनेप्रमाणे खऱ्या नाण्याचा व्यास 44 मिलिमीटर, वजन 35 ग्रॅम. त्यात निम्मी चांदी, 40 टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त पाच-पाच टक्के. कडेवर 200 दाते. मी चष्मा चढवून दाते मोजायला बसलो. साठाच्या पुढे एका जागी कड सपाटच लागली. मग नातवाने फ्रिजवरचं लोहचुंबक काढून आणलं आणि नाणं टक्‌कन त्याला चिकटलं. चांदी, तांबं चुंबकाला दाद देत नाहीत एवढं तर शाळेत शिकलो होतो.

तरी खात्री करावी म्हणून सराफ बाजारात गेलो. ओळखीच्या सराफाने काट्यावर ठेवलं. 21 ग्रॅम. त्याने कडेला कानस जराशी फिरवली आणि आतलं काळपट लोखंड मला दाखवलं. ‘‘काका, याच्यात चांदी कुठी हाये?’’ मग त्याने हिशोबही करून दाखवला. खऱ्या नाण्यात साडेसतरा ग्रॅम चांदी. त्या दिवशीच्या भावाने नुसती चांदीच 999 च्या वर जात होती. हा हिशोब मागवण्याआधी करायला दोन मिनिटं लागली असती. परत पाठवावं तर मुदत संपलेली. जाहिरातीत सगळ्यात खाली, अगदी बारीक अक्षरात, ‘शोभेची प्रतिकृती’ असं छापलेलं होतं, ते घरी आल्यावर मुलीने दाखवलं. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘नाण्यापायी नाणं गेलं.’’

पण सगळा दोष विकणाऱ्याचा नाही, माझ्या अडाणीपणाचाही आहे. नाणी विकताना ‘प्रूफ’ म्हणतात ते म्हणजे काय, हेच मला ठाऊक नव्हतं. आरशासारख्या घासलेल्या साच्यातून, एकाहून अधिक ठोके देऊन पाडलेलं नाणं. त्याची जमीन, म्हणजे चित्राभोवतीचा सपाट भाग, चकाकते आणि चित्र धुरकट दिसतं. बोटाचा ठसाही त्याला सोसत नाही. साधं नाणं घासूनपुसून चमकवलं आणि ‘प्रूफ’ म्हणून विकलं तर नवख्याला काय कळणार? आमच्याच घरी दिवाळीच्या आधी देवाच्या भांड्यांबरोबर माझं डॉ. आंबेडकरांच्या जन्मशताब्दीचं 1990 चं रुपयाचं नाणं चिंचेने लख्ख घासलं गेलं. मी खूश झालो. जळगावच्या एका जुन्या संग्राहकाने ते पाहून डोक्याला हात लावला. घासलेल्या नाण्याची किंमत गेली, हे तेव्हा कळलं.

टांकसाळीच्या खुणेचंही तेच. सालाखाली हिरा असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. मला एकाने कोलकात्याचं नाणं ‘खूण विसरलेलं, चुकीचं, म्हणून दुर्मिळ’ असं सांगून विकायला काढलं होतं. त्यातून मात्र मी वाचलो.

उलट दिशेने येणारी फसवणूक याहून वाईट. शेजारच्या गल्लीतल्या एका ताईंना फोन आला की वैष्णोदेवीचं पाचचं नाणं असेल तर लाखो रुपये मिळतील. आधी नोंदणीचे साडेआठशे भरा. भरले. मग जीएसटी मागितला, तोही भरला. रिझर्व्ह बँकेने 4 ऑगस्ट 2021 लाच जाहीर केलं होतं की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारात बँक नाही आणि ती कुणाकडून शुल्क किंवा कमिशन मागत नाही. ताईंपर्यंत ते पोचलंच नाही. 1930 या सायबर हेल्पलाइनचा नंबरही त्यांना मीच दिला, तोवर पंधरा दिवस उलटून गेले होते.

स्मारक नाण्यांचं आपल्या खानदेशाशी नातं फार जुनं आहे, संपादक महोदय. बऱ्हाणपूरजवळचा असीरगढ किल्ला पडला तेव्हा, 1601 च्या सुमारास, अकबराने सोन्याची मोहोर पाडली, तिच्यावर बहिरी ससाणा. खानदेशच्या फारुकी सुलतानांचं राज्य तिथे संपलं. बऱ्हाणपूर सोडल्यावर असीरगढ रोड स्टेशन लागतं. मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमधून मी ते कितीदा मागे टाकलं असेल, पण ही मोहोर ठाऊक झाली ती या नादाला लागल्यावर.

तर मागणं असं. विकणाऱ्या ॲपवाल्यांना वजन, व्यास, धातू आणि ‘प्रतिकृती’ हा शब्द किमतीच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहायला लावावा. सरकारी टांकसाळीची नाणी त्यांच्याच संकेतस्थळावर ठरावीक मुदतीत नोंदवून मिळतात, पण ही मुदत कधी उघडली आणि कधी मिटली, हे भुसावळ-चोपडा-शिरपूरच्या माणसाला कळत नाही. मग तो ॲपवरच्या मखमली डबीकडे वळतो. आपल्या अंकात जळगावचा सोन्या-चांदीचा भाव रोज येतो. त्याच चौकटीखाली, बुकिंग सुरू झालं की दोन ओळी छापता आल्या तर पाहावं.

कळावे,
एक निवृत्त गार्ड, भुसावळ