चेहऱ्याचा व्यायाम आणि एकवीस दिवसांचे तारुण्य

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या काही महिन्यांपासून सोलापुरात ‘फेस योगा’च्या वर्गांची पत्रके घरोघरी येत आहेत. आमच्या जुळे सोलापुरातील घरी वर्तमानपत्राच्या घडीतून पडलेल्या अशाच एका पत्रकात एकवीस दिवसांत दहा वर्षांनी तरुण दिसण्याची हमी दिली होती, आणि हा व्यायाम प्राचीन ऋषींनी सौंदर्यासाठीच शोधला, असेही ठामपणे छापले होते. चेहऱ्याच्या व्यायामाचा गुण मला स्वतःला आला आहे. म्हणूनच त्याच्या नावावर खपवली जाणारी ही अतिशयोक्ती अधिक खटकते.

प्रथम उगमाविषयी. पंधराव्या शतकातील हठप्रदीपिका या योगग्रंथात स्वात्मारामांनी सिंहासनाला चार प्रमुख आसनांत स्थान दिले आहे. गुडघ्यांवर पंजे पसरून, तोंड उघडून, दृष्टी नाकाच्या शेंड्यावर स्थिर करण्याचे हे आसन तिन्ही बंध (गुदद्वार, पोट आणि कंठ आवळून धरण्याच्या योगक्रिया) साधायला मदत करते, असे तेथे म्हटले आहे. नंतरच्या घेरंडसंहितेत ते सर्व व्याधींचा नाश करणारे म्हणून येते. सुरकुत्यांचा उल्लेख या वर्णनांत कोठेही नाही. चेहऱ्याच्या व्यायामाचे दुसरे मूळ रुग्णालयात आहे. चार्ल्स बेल या शल्यविशारदाने 1821 मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंना हलवणाऱ्या मज्जातंतूविषयी निबंध मांडला. आयुर्वेद ज्याला अर्दित म्हणतो आणि आपण ‘तोंड वाकडे झाले’ म्हणतो, त्या विकाराचा एक नेहमी आढळणारा प्रकार आज बेल यांच्याच नावाने ओळखला जातो, आणि त्यातून सावरताना चेहऱ्याचे व्यायाम दिले जातात.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी चूळ भरताना पाणी माझ्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून गळू लागले. दुपारपर्यंत डावा डोळा मिटेना. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा घास गाल आणि हिरडी यांच्यामध्ये अडकून बसे आणि तो बोटाने काढावा लागे; जेवताना गालाचा स्नायू किती काम करतो, हे मला साठाव्या वर्षी असे कळले. औषधे त्याच दिवशी सुरू झाली. पुढे फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला आरशासमोर बसवले आणि काजळाच्या पेन्सिलीने आरशावर एक उभी रेघ ओढून दिली. नाक त्या रेघेवर ठेवायचे आणि भुवया उचलणे, ओठांचा चंबू करणे, दात न दाखवता हसणे या हालचाली अगदी सावकाश, दोन्ही बाजू सारख्या राहतील एवढ्याच करायच्या. जोर लावायचा नाही, ही त्यांची पहिली ताकीद होती. कारण बऱ्या होत असलेल्या मज्जातंतूवर घाई केली, तर ओठ हलवताच डोळा आपोआप मिटण्याची खोड लागू शकते. चार महिन्यांनी मी शिट्टी वाजवली, तेव्हा नातवंडे हसली आणि मी रडले.

निरोगी चेहऱ्याचे काय, हा रास्त प्रश्न आहे. हातापायांचे स्नायू हाडांना जोडलेले असतात, तर चेहऱ्याचे बरेचसे स्नायू थेट त्वचेत जाऊन मिळतात. वयानुसार गालांतील चरबी कमी होते आणि चेहरा ओसरल्यासारखा दिसतो. तेथे स्नायू थोडा भरला तर गालही भरलेला दिसेल, असा यामागचा तर्क आहे. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 40 ते 65 वयाच्या 27 स्त्रियांनी नाव नोंदवले आणि 16 जणींनी 20 आठवडे पूर्ण केले. पहिले 8 आठवडे रोज अर्धा तास, नंतर दिवसाआड. छायाचित्रे पाहून तज्ज्ञांनी त्यांचे वय सुरुवातीला सरासरी 50.8 वर्षे ठरवले होते, ते अखेरीस 48.1 ठरवले. फरक मुख्यतः गालांच्या भरीवपणात दिसला. म्हणजे पाच महिन्यांच्या नेमाने पावणेतीन वर्षे, तीही इतक्या लहान गटात आणि व्यायाम न करणाऱ्यांशी तुलना न करता. पत्रकातील दहा वर्षे कोठून आली, ते छापणाऱ्यांनाच ठाऊक. शिवाय कपाळाच्या आठ्या स्नायूंच्या वारंवार आकुंचनानेच पडतात आणि बोटॉक्सचे इंजेक्शन तोच स्नायू सैल करते, तेव्हा कपाळ ताणण्याचे व्यायाम सर्वांना सरसकट देणे मला शहाणपणाचे वाटत नाही. आणि सोलापूरच्या उन्हात डोक्यावर पदर न घेता, तोंडात तंबाखूची गोळी ठेवून केलेल्या व्यायामाने त्वचा तरुण कशी राहणार? सुरकुत्यांना ऊन आणि तंबाखू जितके कारण आहेत, तितका व्यायामाचा अभाव नाही.

या सर्वापेक्षा गंभीर गोष्ट पुढची आहे. पत्रकावरील क्रमांकावर मी दूरध्वनी करून, तोंड वाकडे झालेल्या व्यक्तीला प्रवेश मिळेल का, असे विचारले. “या ना काकू, एकवीस दिवसांत सरळ होईल,” असे उत्तर मिळाले. केव्हापासून, डॉक्टरांना दाखवले का, हातात बळ आहे का, यांपैकी एकही प्रश्न विचारला गेला नाही. असे लक्षण पक्षाघाताचेही असू शकते, आणि बेलच्या विकारातही पहिल्या तीन दिवसांत औषध सुरू होणे महत्त्वाचे असते. वर्ग चालवणाऱ्यांनी शुल्क जरूर घ्यावे. मात्र नावनोंदणीच्या अर्जात हे तीन प्रश्न छापावेत आणि शिकवणाऱ्याचे शिक्षण काय, हे पत्रकावर लिहावे, एवढी विनंती आपल्या पत्रामार्फत करते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर